नियम, करुणा आणि प्रायश्चित्त

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन आचारविचारात 'उत्सर्ग' आणि 'अपवाद' हे दोन शब्द जोडीने येतात. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट कारणासाठी त्या नियमाला घातलेली मुरड. आचार्यांनी दोहोंचा विचार केला, कारण नियम घडविणाऱ्याला पुढे येणारे सारे प्रसंग आधी दिसत नाहीत. परंतु अपवादाला त्यांनी मोकळे रानही दिले नाही. अपवाद कोणी घ्यावा, कशासाठी घ्यावा आणि घेतल्यानंतर कोणते प्रायश्चित्त करावे, याचाही विचार त्यांनी केला. दयेपोटी नियम वाकवावा काय, हा प्रश्न म्हणूनच नवा नाही. मात्र त्याचे उत्तर केवळ ग्रंथांतून न शोधता एका सरकारी अधिकाऱ्याच्या चरित्रातून शोधले, तर ते अधिक स्पष्ट होते.

स्वित्झर्लंडच्या ईशान्येस सांक्त गालेन नावाचा प्रांत आहे. तेथे १८९१ साली पाउल ग्रुनिंगर यांचा जन्म झाला. पेशाने ते प्रथम शिक्षक होते आणि तरुणपणी गावच्या संघातून फुटबॉल खेळत. १९१९ मध्ये ते प्रांताच्या पोलिस दलात दाखल झाले आणि पुढे त्याच दलाचे प्रमुख झाले. घर, संसार, प्रतिष्ठा आणि निवृत्तिवेतनाची खात्री, असे त्यांचे सरळ मार्गाचे आयुष्य होते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने शेजारचा ऑस्ट्रिया गिळंकृत केला. तेथील ज्यू लोकांची घरे, दुकाने व नोकऱ्या हिरावल्या जाऊ लागल्या. जीव वाचविण्यासाठी ते ऱ्हाइन नदीच्या बाजूने सीमा ओलांडून सांक्त गालेन प्रांतात येऊ लागले. ऑगस्ट १९३८ मध्ये स्विस सरकारने परवान्याविना येणाऱ्यांसाठी सीमा बंद केली. जो येईल त्याला परत पाठवावे, असा हुकूम निघाला. पुढे जर्मनीशी झालेल्या समझोत्यानुसार ज्यू व्यक्तीच्या पारपत्रावर जर्मन अधिकाऱ्यांनी एक अक्षर उठविण्याची पद्धत आली. ते अक्षर पाहून सीमेवरच्या शिपायाला माणसाकडे पाहण्याचीही गरज उरली नाही.

हा हुकूम काढणारे कोणी राक्षस नव्हते. आपला देश लहान आहे, निर्वासितांचा लोंढा पेलणार नाही, शेजारी बलाढ्य आहे, अशी त्यांची कारणे होती. ती कागदावर वाचली तर विचारी माणसासही पटावीत अशी होती. परंतु ग्रुनिंगर यांच्यासमोर कागद नव्हता. रात्रभर चालून आलेली, ओल्या कपड्यांतली माणसे होती. त्यांना परत पाठविणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांनी जे केले ते दिसायला अगदी लहान होते. सीमा बंद झाल्यानंतर आलेल्या निर्वासितांच्या कागदांवर त्यांनी सीमा बंद होण्यापूर्वीची तारीख घातली. तारीख बदलली की माणूस बेकायदा राहत नसे आणि त्याला आश्रय मिळे. अशा रीतीने शेकडो माणसे वाचली. गरजू निर्वासितांसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून थंडीचे कपडेही घेतले.

ही गोष्ट फार काळ झाकून राहिली नाही. १९३९ मध्ये त्यांना आधी निलंबित आणि मग बडतर्फ करण्यात आले. वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्कही गेला. १९४० मध्ये सांक्त गालेनच्या न्यायालयाने कर्तव्यभंग आणि खोटे दस्तऐवज केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवून ३०० फ्रँक दंड केला. त्यांचा हेतू निःस्वार्थी होता हे न्यायालयाने मान्य केले. मात्र सरकारी सेवकाने हुकूम पाळलाच पाहिजे, असा निकाल दिला. त्यानंतरची तीस वर्षे ग्रुनिंगर यांनी किरकोळ कामे करून, विवंचनेत काढली. उतारवयात ते बदली शिक्षक म्हणूनही राबले.

श्रावकाला येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. खोटी तारीख घालणे हे असत्यच नव्हे काय? अहिंसेसाठी सत्य मोडले तर व्रताचे काय राहिले? आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचार' या ग्रंथात सत्याणुव्रताचे लक्षण सांगताना या शंकेचा विचार केलेला आहे. स्थूल असत्य बोलू नये, हे तर त्यांनी सांगितलेच. परंतु ज्या सत्याने दुसऱ्यावर आपत्ती ओढवेल ते सत्यही बोलू नये, असेही सांगितले. सत्याला त्यांनी अहिंसेपासून वेगळे काढले नाही. हा अर्थ लक्षात घेतला, तर खरी तारीख आणि खोटी तारीख यांतील कोणती तारीख हिंसेच्या बाजूची होती, हे सांगावे लागत नाही.

याच काळात लिथुआनियातील काउनास शहरात दुसरी घटना घडली. १९४० च्या उन्हाळ्यात तेथे अडकलेल्या ज्यू निर्वासितांना बाहेर पडण्यासाठी कोठल्या तरी देशाचा कागद हवा होता. रीगा येथील डच राजदूत डी डेकर यांनी एक युक्ती काढली. कुरासाओ या दूरच्या डच बेटावर जाण्यास व्हिसा लागत नाही, एवढेच त्यांनी लिहून दिले. तेथे उतरण्यासाठी गव्हर्नरची परवानगी लागते, हे पुढचे वाक्य त्यांनी गाळले. काउनासमधील डच प्रतिनिधी यान झ्वार्तेंडाइक यांनी तोच मजकूर शेकडो पारपत्रांवर लिहून दिला. त्याच्या आधारावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी जपानमार्गे प्रवासाचे दोन हजारांहून अधिक व्हिसा स्वतःच्या हाताने लिहिले. अटी पूर्ण नसणाऱ्यांना व्हिसा देऊ नये, अशी त्यांच्या सरकारची सूचना होती. सुगिहारा यांनाही १९४७ मध्ये नोकरी सोडावी लागली. म्हणजे एकाने तारीख बदलली, एकाने वाक्य गाळले आणि एकाने सूचना बाजूस ठेवली. तिघांच्याही हाती शस्त्र नव्हते. होती ती लेखणी आणि शिक्का.

अशा कथा ऐकल्या की, दयेसाठी नियम मोडणे हेच थोरपण, असा समज होण्याचा संभव असतो. तो समज घातक आहे. कचेरीत रांग मोडून भाच्याचे काम आधी करून देणाराही 'दया आली' असेच म्हणतो. धर्मादाय दवाखान्यात ओळखीच्या रुग्णाला पुढे घेणारा, शिष्यवृत्तीच्या यादीत मित्राच्या मुलाचे नाव घुसविणारा, हेही स्वतःस कनवाळूच समजतात. परंतु त्यांच्या दयेची किंमत रांगेत मागे उभा असलेला अनोळखी माणूस भरतो, आणि त्याला ते कळतही नाही. नियम मुख्यतः अशा अनोळखी, वशिला नसलेल्या माणसाच्या रक्षणासाठी असतो. म्हणून सार्वजनिक संस्थेत नियमाचा आदर हाही करुणेचाच एक प्रकार आहे.

मग खरा अपवाद ओळखावा कसा? ग्रुनिंगर यांच्या चरित्रातून तीन खुणा हाती लागतात. पहिली, ज्याच्यासाठी नियम वाकविला तो आप्त नव्हता, परतफेड करू शकणारा नव्हता, तो परका होता. दुसरी, नियम तसाच पाळला असता तर होणारी हानी गैरसोयीची नव्हती, जीविताची होती, आणि दाद मागण्यास दुसरे ठिकाण नव्हते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वाकविलेल्या नियमाची किंमत त्यांनी स्वतः भरली, दुसऱ्या कोणाकडून भरून घेतली नाही.

ही तिसरी खूण विष्णुकुमार मुनींच्या कथेत ठळकपणे दिसते. हस्तिनापुरात बलीने राजाकडून सात दिवसांचे राज्य मिळवून अकंपनाचार्यांसह सातशे मुनींवर घोर उपसर्ग आरंभिला. तेव्हा विक्रिया ऋद्धी प्राप्त असलेल्या विष्णुकुमार मुनींनी मुनिपद बाजूस ठेवले. वामन ब्राह्मणाचे रूप घेऊन त्यांनी तीन पावले भूमी मागितली आणि मुनींचे रक्षण केले. समंतभद्रांनी वात्सल्य अंगाचे उदाहरण म्हणून त्यांचेच नाव घेतले आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी ही कथा घरोघरी सांगितली जाते, परंतु तिचा शेवट पुष्कळदा राहून जातो. कार्य पूर्ण होताच विष्णुकुमार गुरूंकडे गेले आणि प्रायश्चित्त घेऊन पुन्हा मुनिपदी स्थिर झाले. सातशे जीव वाचविले म्हणून नियम मोडला नाही, असे ते म्हणाले नाहीत. मोडलेला नियम त्यांनी पुन्हा उभा केला. अपवादाचे मोल मोजण्याची ही तयारी असते, तेव्हाच करुणेला स्वैराचाराचे रूप येत नाही.

ग्रुनिंगर यांच्या कथेचाही शेवट सांगणे अगत्याचे आहे. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्येने व इतर अनेकांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १९९५ मध्ये सांक्त गालेनच्या न्यायालयाने जुना निकाल रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी आणि शिक्षेनंतर पंचावन्न वर्षांनी हा न्याय मिळाला. पुढे प्रांताने दिलेली भरपाईची रक्कम कुटुंबाने त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली. तरुणपणी ज्या संघातून ते खेळत, त्या संघाच्या मैदानाला आज त्यांचे नाव आहे. ऱ्हाइनवरच्या एका पुलालाही त्यांचे नाव आहे. ज्या सीमेवरून माणसे परत पाठवावीत असा हुकूम होता, त्याच सीमेवर तो पूल उभा आहे.

१९४० आणि १९९५ या दोन्ही वर्षी घटना तीच होती, बदललेली तारीख तीच होती. बदलला तो पाहणाऱ्यांचा दृष्टिकोन. ज्या समाजाला हे पाच दशकांनंतर उमगले, त्या समाजात एका पोलिस अधिकाऱ्याला ते त्याच रात्री उमगले होते.

पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेत नियम हा पाया असतो. पावती, नोंदवही, ठराव, हिशेब यांवाचून विश्वास टिकत नाही. परंतु नोंदवही ज्याच्या हाती असते त्याच्या पुढ्यात कधी तरी असा एक माणूस येऊन उभा राहतो, ज्याचा विचार ठराव करताना झालेला नसतो. त्या क्षणी डोळे वहीत न खुपसता वर पाहावे. नियमात वाट असेल तर ती शोधावी. नसेल तर सहकाऱ्यांसमोर प्रश्न मांडून नियमच सुधारावा. आणि तेवढाही अवसर नसेल, प्राणांवर बेतलेले असेल, तर आपले नाव लिहून, आपल्या माथी दोष घेऊन तो माणूस आधी वाचवावा. प्रायश्चित्ताला नंतर वेळ मिळतो. गेलेला जीव मात्र परत आणण्याचे प्रायश्चित्त कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही.

जय जिनेंद्र.