बातमीतला ‘म्हणाले’



१९८९ साली मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं आणि बुऱ्हाणपुरात मी पहिल्यांदा मतदार झालो. त्या नोव्हेंबरात लोकसभेच्या प्रचाराच्या दिवसांत आमच्या घरी सकाळी आठला आकाशवाणीच्या हिंदी बातम्या लागत आणि साडेआठला दिल्लीहून येणाऱ्या मराठी. मराठी बातम्यांवर कोणी मध्येच बोलू लागलं, की वडील हात वर करत. “थांबा, अजून ‘म्हणाले’ यायचंय.”

त्याचा अर्थ मला शिकवायला लागल्यावर कळला. ‘आमच्या राजवटीत महागाई कमी झाली, असं ते म्हणाले,’ हे वाक्य घ्या. छापील बातमीत डोळा पुढे धावतो, अवतरणचिन्हं दिसतात. रेडिओवर मात्र ‘असं’ कानी पडेपर्यंत प्रचारातला दावा निवेदकाच्या तोंडून बातमी म्हणूनच ऐकू येतो. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, तर दावा उरतो आणि बोलणारा हरवतो. हिंदीत ‘उन्होंने कहा कि’ आधीच येतं.

आम्ही सीमेवरची माणसं ‘ते म्हणाले की’ अशी सुरुवात करतो, तेव्हा हिंदीची छाया म्हणून उत्तरपत्रिकेत त्याखाली लाल रेघ येते. मीही ती अनेक वर्षं ओढली. आता ओढत नाही. दोन्ही रचना मराठीच आहेत. पण निवडणुकीच्या दिवसांत कानाने ऐकणाऱ्याला बोलतंय कोण, हे आधी कळायला हवं.