चिखल आणि डांबर

घरोघरच्या चहांतील साखर ऊस होऊन शेतांतून निघते, तेव्हां तिच्या प्रवासाचा आरंभ चिखलांत व शेवट डांबरी सडकेवर होतो. म्हणूनच कोल्हापूर-सांगलीकडील ट्रकमालकास टायर निवडतांना दोन डगरींवर पाय ठेवावे लागतात.

काळी माती ओली झाली कीं फुगते व चिकटते. दाट नक्षीच्या टायराच्या खांचा तिनें क्षणांत बुजतात. मग चाक जागच्या जागीं फिरत राहतें. रुंद, खोल खांचांचा टायर चिखल झटकून टाकतो व पकड राखतो. परंतु सडकेवर हेच गुण दोष ठरतात. रस्त्यास टेकणारें रबर कमी, म्हणून तो लवकर झिजतो, घरघरतो, आणि ओल्या डांबरावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें.

यावर जाणत्यांची तोड साधी आहे. पुढील चाकें गाडीस वळवितात. त्यांस उभ्या रेषांचे ‘रिब’ टायर घालावे. मागील चाकें गाडीस ढकलतात. त्यांस आडव्या, जाड पट्ट्यांचे ‘लग’ टायर योग्य. एकाच आंसावर मात्र दोन तऱ्हांचे टायर नसावे, आणि टायरावर छापलेली भारक्षमता ओलांडूं नये.

चिखलांत रुतलेली गाडी ट्रॅक्टरनें ओढून काढतां येते; फार तर तोडलेला ऊस वाळून साखरेचा उतारा घटतो. सडकेवर वेळीं न थांबलेली गाडी मात्र एखाद्या सायकलस्वाराचा प्राण घेते. कोठें अडचण अधिक, एवढेंच न पाहतां, कोठील चूक भरून निघत नाहीं, हें आधीं पाहावें.