अपुऱ्या दिवसांचे मूल घरी आल्यानंतर



पोलादपूर तालुक्यातील एखाद्या डोंगरवाडीवरील स्त्रीची प्रसूती दिवस भरण्यापूर्वीच होते, मूल महाडला आणि तेथून अलिबागला वा मुंबईला हलविले जाते, आणि काही आठवड्यांनी ते काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत परत आले म्हणजे सारे घर संकट टळल्याच्या समाधानात असते. परंतु रुग्णालयाच्या दप्तरी प्रकरण निकालात निघाले, तरी त्या बालकाच्या मेंदूवर लक्ष ठेवण्याचे कार्य तेथून पुढेच आरंभावयाचे असते.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बालकाच्या मेंदूतील पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की, रक्तदाबाच्या चढउताराने तेथे रक्तस्राव होण्याचा संभव असतो. टाळूवाटे सोनोग्राफी करून तो पाहता येतो. तथापि ती निर्दोष आली म्हणून निश्चिंत होणे युक्त नव्हे. जागेपणी उताणे निजलेले बालक सर्वांगाने जी बारीक, ओघवती वळवळ करते, ती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान मुळीच न दिसणे हे सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरील ताबा बिघडण्याचे, प्रबळ पूर्वचिन्ह होय, असे हाइन्झ प्रेख्टल या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

येथे हिशेबाची मेख आहे. मूल दोन महिने आधी जन्मले असेल, तर हा काळ जन्मापासून पाचव्या ते सातव्या महिन्यात येतो. आशाताईंच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात आणि त्यापुढील गृहभेटींपैकी तिसऱ्या महिन्याची भेटही या चिन्हाकरिता लवकरच ठरते. सहाव्या महिन्याची भेट मात्र नेमकी वेळेवर येते, आणि त्याच सुमारास पुष्कळ बाळंतिणी माहेराहून सासरी, कित्येकदा मुंबईला, निघून गेलेल्या असतात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या कमी वजनाच्या बालकांचा मागोवा अठराव्या वर्षापर्यंत घेतला. एवढी चिकाटी प्रत्येक तालुक्यास शक्य नसली, तरी पहिल्या वर्षापुरती ती अशक्य नाही. २०१३ साली पालघर येथून आरंभलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात संशयित बालकास जिल्हा पातळीवरील उपचार केंद्राकडे धाडण्याची तरतूद आहे.

म्हणून मुठी सदैव आवळलेल्या असणे, लंगोट बदलताना पाय ताठ होणे, एकच हात हलविणे, यांपैकी काही दिसल्यास ‘आधी जन्मलेय, होईल हळूहळू’ या समजुतीवर वर्ष दवडू नये. आणि घरी निघतेवेळी प्रसूतीची अपेक्षित तारीख कार्डावर ठळक लिहून घ्यावी, म्हणजे मूल कोणत्याही गावी गेले तरी तेथील आशाताईस त्याचे खरे वय मोजता येईल.