हातचें सोडतांना

नोकरी पक्की झाली, महिन्याच्या ठराविक तारखेस ठराविक पगार हातीं पडूं लागला, कीं मध्यम स्थितींतील घराला हायसें वाटतें. या समाधानांत वावगें कांहींच नाहीं. ज्या घरानें ओढगस्त पाहिलेली असते, त्यास पगाराची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु कांहीं वर्षांनीं त्याच घरांतील कर्त्या माणसास नवें काम अंगावर घेण्याची किंवा परक्या गांवीं जाण्याची संधि येते; आणि वडीलधारी मंडळी सांगतात, ‘हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये.’ म्हण खोटी नाहीं. प्रश्न इतकाच, कीं हातचें म्हणजे नेमकें काय? महिन्याचा पगार, कीं हातांत मुरलेली विद्या?

या प्रश्नाचें उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रांत सांपडतें. त्यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांवकडील गुर्लहोसूर या गांवीं झाला. चित्रकार होण्याच्या ओढीनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें सुमारें दोन वर्षें काढल्यावर, आपल्या दृष्टीस कांहीं रंगांतील भेद ओळखतां येत नाहीं, हें त्यांस कळून आलें. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? पण रंग गेले तरी रेषा उरली होती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें साहाय्यक शिक्षक झाले.

यंत्रांचीं चित्रें काढावयास शिकविणें, एवढेंच त्यांचें काम. तेवढें करून सुखानें घरीं जातां आलें असतें. परंतु लक्ष्मणराव तेथील कर्मशाळेंत गेले आणि जीं यंत्रें कागदावर काढावयाचीं तीं प्रत्यक्ष हाताळावयास शिकले. पुढील सर्व धाडसाचें मूळ या साध्या गोष्टींत आहे. नोकरी सोडण्यापूर्वींच त्यांनीं नोकरीची चौकट ओलांडली होती.

पुढें बढतीच्या वेळीं त्यांस डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली, तेव्हां ते बेळगांवास परतले. हा केवळ रागाचा झटका नव्हता. वडील बंधु रामूअण्णा यांच्या साहाय्यानें तेथें सायकलींचा धंदा आधींच चालूं झालेला होता. सायकलींपासून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले आणि १९०३ सालीं लोखंडी नांगराकडे.

येथें मात्र परीक्षा झाली. लोखंडानें जमिनीस विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार होते, पण गिऱ्हाईक नव्हतें. अशीं सुमारें दोन वर्षें गेलीं. अशा दिवसांत सोडलेल्या पगाराची आठवण कोणासही व्हावी! हळूहळू विश्वास बसला, नांगर खपूं लागले, तोंच बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली. शहराच्या नव्या वस्तीसाठीं ती जागा हवी होती. ज्याला ‘पक्कें’ म्हणावें तेंही पायांखालून सरकतें, तें असें.

तेव्हां औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग माजलेला, पाण्याची वाण असलेला तो माळ पाहून कोणीही परत फिरला असता. १९१० सालीं कांहीं कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन लक्ष्मणराव तेथें राहावयास गेले, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरकडील जुन्या तोफा मिळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतण्यांत आले.

मात्र या यशाकडे पाहून उद्यांच राजीनामा खरडावा, असा अर्थ कोणी काढूं नये. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाची वाडी होत नाहीं; ज्यांचीं दुकानें बंद पडलीं त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. घरांत चार तोंडें असतां वडीलधाऱ्यांच्या भीतीस भेकडपणा म्हणणें हा अन्याय होय. त्या भीतीला उत्तर द्यावयाचें तें शब्दांनीं नव्हे, तयारीनें. कांहीं महिन्यांचा खर्च गांठीं आहे काय? नवें काम आजच्या कामाच्या जोडीनें थोडें तरी करून पाहिलें आहे काय? पडत्या काळांत पाठीशीं उभें राहणारें माणूस घरांत आहे काय?

आणि प्रत्येक वेळीं नोकरी सोडावीच लागते असेंही नाहीं. पुष्कळदां बाहेरची वाट शेजारच्या खोलींतूनच जाते. कारकुनानें हिशेबाची नवी पद्धति शिकणें, शिक्षिकेनें न शिकविलेला विषय हातीं घेणें, सभेंत कधीं न बोललेल्यानें दोन वाक्यें बोलणें, हेंही उंबरठा ओलांडणेंच आहे. चुका होतील, धाकट्यांसमोर विचारावें लागेल, चारचौघांत ओशाळें व्हावें लागेल. नव्या विद्येची ही नेहमींचीच किंमत आहे.

हातचें सोडूं नये, हें खरें. पण लक्ष्मणरावांनीं हातचें सोडलेंच नव्हतें. खुर्ची त्यांनीं मुंबईस ठेवली. हात बरोबर नेले.