तार घेण्याची आणि देण्याची



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. यंत्रांची ओळख कारखान्याने करून दिली. युनियनचे करार आणि निकाल कोणाही कामगाराला केव्हाही वाचता यावेत, म्हणून आम्ही कर्जतला एक जुना संगणक घरच्या ब्रॉडबँडला जोडला. त्यालाच सर्व्हर म्हणतात : मागेल त्याला कागद काढून देणारा कारकून. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न संस्थेत वेबचा पहिला सर्व्हर चालविला, तोही टेबलावरचाच संगणक होता.

घरात पान दिसले. खोपोलीच्या सभासदाला मात्र उघडेना. शेवटी निकालाचा कागद आम्ही लोकलने नेऊन दिला!

कारण काय? इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते अपुरे पडल्याने पुष्कळ घरांना मिळून एकच पत्ता दिला जातो. चाळीचा पत्ता आहे, खोलीचा नंबर नाही! आतून धाडलेल्या पत्राचे उत्तर येते. नवा पाहुणा मात्र दारातूनच परततो.

उपाय आहेत. स्वतंत्र कायम पत्ता मागावा, किंवा आयपीव्ही६ चे विपुल पत्ते वापरावेत. विजेसाठी बॅटरी ठेवावी. उघड्या दारातून चोरही शिरतो; म्हणून सभासदांचे खाजगी कागद तेथे ठेवू नयेत.

१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. देणे या मातीला नवे नाही. मग आपल्या घरची तार केवळ घेण्यापुरतीच का असावी?