विद्याचरण शुक्ल : एका पक्षांतराची कुंडली
(भिलाई येथे मराठी भाषिक कामगारांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पक्षांतराचा विषय निघाला की हरियाणातील १९६७ सालच्या गयालाल यांचे नाव घेऊन लोक हसतात. पण त्याच वर्षी मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंह यांनी काँग्रेसचे आमदार फोडून द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार पाडले, स्वतः मुख्यमंत्री झाले आणि १९६९ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. त्यानंतर मुख्यमंत्रिपदी आले श्यामाचरण शुक्ल. त्यांचे धाकटे बंधू विद्याचरण हे आजच्या विवेचनाचा विषय आहेत.

हे घराणे मराठी माणसाला परके नाही. वडील पंडित रविशंकर शुक्ल हे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री होते, राजधानी नागपूर होती, आणि विद्याचरण यांचे शिक्षणही नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहिला, त्याचे श्रेय आजही येथे रविशंकर शुक्लांना दिले जाते. सोव्हिएत तंत्रज्ञांच्या आणि छत्तीसगढी, तेलुगू, मराठी मजुरांच्या घामाचा उल्लेख त्यामानाने क्वचितच होतो.

विद्याचरण १९५७ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच, लोकसभेत गेले. १९६६ पासून मंत्री झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि इंद्रकुमार गुजराल यांच्या जागी माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे आले. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण, चार वृत्तसंस्थांचे ‘समाचार’ नावाखाली एकत्रीकरण, किशोरकुमारांच्या गाण्यांना आकाशवाणीवर बंदी हे सर्व त्यांच्याच कारकिर्दीत घडले. ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्याबद्दल १९७९ मध्ये त्यांना व संजय गांधींना कनिष्ठ न्यायालयाने शिक्षा दिली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता आणि १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात ती भूमिका चुकीची ठरवली, हेही येथे सांगितलेच पाहिजे. त्याखेरीज दुसऱ्याच्या इतिहासाचा हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचत नाही.

मार्च १९७७ मध्ये रायपूरच्या मतदारांनी शुक्लांना पाडले आणि जनता पक्षाचे पुरुषोत्तम कौशिक निवडून आले. लोकांनी आनंद केला, तो योग्यच होता. परंतु जूनच्या २ व ३ तारखेला दल्ली-राजहरा येथे, ज्या खाणींचे लोखंड भिलाईच्या भट्ट्यांत येते त्याच खाणींच्या कंत्राटी कामगारांवर गोळीबार झाला आणि अकरा जण ठार झाले. केंद्रात तेव्हा जनता पक्ष होता.

जुलै १९८७ मध्ये अरुण नेहरू व आरिफ मोहम्मद खान यांच्याबरोबर शुक्लांनाही काँग्रेसमधून काढण्यात आले. ते विश्वनाथ प्रताप सिंहांच्या जनमोर्चात गेले, पुढे जनता दलात. १९८९ मध्ये महासमुंदहून निवडून आले, पण मंत्रिपद मिळाले नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये चंद्रशेखरांच्या गोटात जाताच परराष्ट्रमंत्री झाले. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा संमत झाला तेव्हा हेच गृहस्थ सत्ताधारी बाकांवर बसले होते! त्याच कायद्यान्वये लोकसभेचे अध्यक्ष रवि राय यांनी जानेवारी १९९१ मध्ये ज्यांना अपात्र ठरवले त्यांत शुक्ल होते. मंत्रिपद गेले, पण काही महिन्यांतच ते काँग्रेसच्या तिकिटावर रायपूरहून निवडून येऊन नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात दाखल झाले.

ज्या वर्षी ते परतले त्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, शंकर गुहा नियोगींची हत्या झाली. १ जुलै १९९२ ला भिलाईच्या पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक माणसे मेली. राज्यात भाजपचे पटवा सरकार, केंद्रात काँग्रेस. कामगारांच्या मागण्या कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन एवढ्याच होत्या, आणि त्या मागण्यांपुढे दोन्ही झेंड्यांखालचे पुढारी सारखेच बहिरे झाले. छत्तीसगढच्या भूमिपुत्रांचे म्हणवणारे केंद्रीय मंत्रीही त्याला अपवाद नव्हते.

नवे राज्य १ नोव्हेंबर २००० ला झाले आणि मुख्यमंत्रिपद अजित जोगींकडे गेले. नाराज शुक्ल २००३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. विधानसभेत त्या पक्षाला एकच जागा मिळाली, मात्र मते फुटून सत्ता भाजपकडे गेली. पुढच्याच वर्षी ते भाजपचे उमेदवार म्हणून महासमुंदला उभे राहिले. आणीबाणीत ज्या पक्षाच्या पूर्वसूरींना तुरुंगात डांबले गेले, त्याच पक्षाने आणीबाणीच्या माहितीमंत्र्याला हार घातला. यात पक्षांतर नेमके कोणी केले, शुक्लांनी की भाजपने? जोगींनी त्यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले.

२००७ मध्ये ते काँग्रेसमध्ये परत आले. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत माओवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर निर्घृण हल्ला केला, त्यात शुक्लांना गोळ्या लागल्या आणि ११ जूनला गुडगावच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वय ८३ होते आणि पक्ष काँग्रेस होता.