दवाखान्याच्या दारातलं माहेर

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



कालच गौरी जेवल्या. तीन दिवसांची माहेरवाशीण म्हणून आपण तिला काही कमी पडू दिलं नाही. बाळंतपणाला माहेरी पाठवायची रीतही त्याच मायेतली. आज मी अशाच एका माहेराबद्दल बोलणार आहे. ते आहे आफ्रिकेत, इथिओपियात.

हा देश गरीब आणि डोंगराळ. बहुतेक वस्ती खेड्यापाड्यांत. तिथे २००३ साली सरकारने आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू केला. दहावी झालेल्या गावातल्याच मुलींना वर्षभर शिकवून, पगारावर नेमलं. साधारण पाच हजार वस्तीमागे दोघी. अशा तीस हजारांवर मुली घरोघर फिरू लागल्या. लसीकरण वाढलं, बालमृत्यू झपाट्याने घटले.

बाळंतपणं मात्र घरीच होत राहिली. २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातली जेमतेम दहा दवाखान्यात झालेली आढळली. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर बाई दोन तासांतही दगावू शकते. दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असेल, तर डॉक्टर असून काय उपयोग?

यावरचा उपाय त्याच देशात होता. अट्टात नावाच्या ठिकाणी एका मिशन रुग्णालयाने १९७० च्या दशकातच आवारात राहायची सोय केली होती. दिवस भरत आले, की लांबच्या बायकांनी तिथे येऊन राहायचं. पुढे सरकारने अशी घरं अनेक आरोग्यकेंद्रांजवळ उभी केली, रुग्णवाहिकाही दिल्या.

पण नुसत्या खोलीसाठी बाई घर सोडत नाही. आपल्याकडे डिंकाचे लाडू, तसा तिकडे बाळंतिणीला 'गेंफो' देतात. ही पिठाची घट्ट उकड, वर लोणी. सोबत कॉफी आणि घरच्या बायका. अनेक केंद्रांनी हे सगळं आवारात होऊ दिलं. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २०१६ मध्ये शेकडा २६ झालं, २०१९ मध्ये ४८ च्या आसपास. श्रेय एकट्या या घरांचं नाही, पण अंतर आणि परकेपणा दोन्ही कमी केल्याशिवाय हे झालं नसतं. अजून निम्म्या बायका बाहेरच होत्या, हेही विसरू नये. पुढे टिग्रेमधल्या युद्धात कित्येक दवाखाने उद्ध्वस्त झाले.

महाराष्ट्रातही आदिवासी भागातल्या आरोग्यकेंद्रांजवळ अशी सोय आहे. तिचं नावच 'माहेरघर'.

आपल्या शहरात दवाखाना लांब नाही. तरी आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई गरोदर असली, तर तपासणीला कधी जाते, हे आपण विचारतो का? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी तिला सुट्टी द्या, पगार न कापता. तेवढं माहेर आपल्याला नक्की होता येईल.

गणपती बाप्पा मोरया!